खाडीतली गार खोली

ठाण्याहून कल्याणला जायचं तर माणूस आगगाडीत बसतो, शेंगदाण्याची पुडी फोडतो, आणि पुडी संपायच्या आत कल्याण येतं. त्यामुळे मी ठाणे ते कल्याण या प्रवासाचं वर्णन लिहायला घेतलंय हे कळल्यावर आमच्या कोपरीतल्या शेजाऱ्यांनी माझी यथेच्छ टिंगल केली. लोक बद्रीकेदारला जाऊन येतात आणि दोन ओळी लिहीत नाहीत, आणि हे महाशय कल्याणला! हसोत बापडे. मी गाडीने गेलो नव्हतो, खाडीने गेलो होतो. जाताना मी बराच बोलका माणूस होतो. आल्यावर घरच्यांनी कितीदा विचारलं, तरी मला धड काही सांगता आलं नाही. म्हणून लिहितोय.

मी ठाण्यातल्या बर्फाच्या कारखान्यात मिस्तरी आहे. लढाईच्या काळात कल्याणजवळच्या लष्करी छावणीत कोठाराची गार मशिनं सांभाळायचं काम मिळालं, तिथे हे शिकलो. लढाई संपली, छावणीत निर्वासित आले, आणि लष्कराचं उरलंसुरलं सामान लिलावात निघालं. त्यात एक लाँच होती. तिच्या मधोमध, भिंतींना उष्णता अडवणाऱ्या बुचाच्या जाड फळ्या ठोकून एक लहानशी खोली केलेली, आणि ती गार ठेवायला खाली एक मशीन. गोऱ्या साहेबांना खाडीत उकडू नये म्हणून ही सोय! ती लाँच ठाण्याच्या एका मिठाच्या व्यापाऱ्याने हौसेने घेतली, दोन उन्हाळे पाहुण्यांना गारव्यात बसवून खाडी दाखवली, आणि मग कंटाळून बंदरात टाकून दिली.

त्या वर्षी खाडीकाठच्या गावांत देवीची साथ आली. देवीची लस उन्हात टिकत नाही, आणि खाडीतल्या गावांना रस्ता नाही. चहूकडे मिठागरं, तिवरं आणि चिखल. तेव्हा कुणा शहाण्या अधिकाऱ्याला त्या लाँचची आठवण झाली. लाँच मिळाली, पण मशीन बंद. कारखान्याच्या मालकांनी मला बोलावून सांगितलं, "दुरुस्त कर, आणि तिच्याबरोबर जा. वाटेत बंद पडली तर तिथे कोण आहे?"

मला पाण्याची भीती वाटते. हे मी मालकांना सांगितलं नाही.

चेंदणी बंदर

आमच्या घरापासून चेंदणीचं बंदर हाकेच्या अंतरावर, पण जन्मात मी तिथून कधी होडीत बसलो नव्हतो. उन्हाळा ऐन भरात होता. सकाळीच चिखलाला वास सुटला होता. लाँचवर दोन माणसं माझी वाट बघत होती.

एक परचुरे. गावोगाव फिरून लोकांना देवी टोचायची ही त्यांची नोकरी, म्हणून सगळे त्यांना देवी डॉक्टर म्हणत. उंच, खांद्यात वाकलेले, आणि तोंडभर देवीचे वण. मला बघताच म्हणाले, "मिस्तरी, पोहता येतं?"

"नाही."

"उत्तम. म्हणजे मशीन सोडून कुठे जाणार नाही तुम्ही."

त्यांच्या पायाशी एक पत्र्याचा डबा होता. लशीच्या काचेच्या नळ्या त्यात बर्फात घालून रेल्वेने आल्या होत्या. त्यांनी झाकण काढून आत बोट बुडवलं. बर्फाचं पाणी झालं होतं, आणि पाणीही कोमट. त्यांनी बोट धोतराला पुसलं. "ही एकदा तापली. अजून जीव असेल तिच्यात. पण आणखी एकदा तापली, की मग लस ज्यात कालवतात ते नुसतं ग्लिसरीन पोरांच्या दंडाला चोळल्यासारखं. ताजी लस मिळेपर्यंत आपल्याला हीच आहे. कळलं?"

कळलं. मी माझं हत्यारांचं खोकं उघडलं.

दुसरा माणूस हिराजी तांडेल. कळव्याकडचा आगरी, साठीला आलेला, खांद्यावर मिठाच्या गोण्या वाहून पडलेले घट्टे. पूर्वी पडावातून मीठ न्यायचा, आता लाँच चालवायचा. दोरी गुंडाळता गुंडाळता त्याने मला स्वतःहूनच सांगितलं, की आपण पहिल्यांदा जातोय त्या गावात त्याची लेक जना दिलेली आहे. जनाची थोरली पोर चंदी, तिच्या अंगावर देवी आल्यात. आणि धाकटी अजून दुपट्यात आहे.

"नाव काय तिचं?" मी विचारलं.

"नाव कुठला? बारसा र्‍हायलाय. घरात देवीआई आलीय, पालना कसा बांधाचा?" त्याने दोरीला गाठ मारली. मग माझ्या खोक्याकडे बघून म्हणाला, "मिस्तरी, तुमची मशीन चालंल ना नीट? माझे नातीला ती सुई लागाला पायजे. थोरलीचा काय व्हयाचा ता झाला. धाकटी तरी."

मी म्हटलं, चालेल. पुढे जे झालं ते आठवलं की ते "चालेल" अजून माझ्या तोंडात कडू होतं.

मशीन सुरू केली तर गारवा धड धरेना. नळ्यांतला गार करणारा गॅस कुठून तरी निसटत होता. ही गळती शोधायला साबणाचा फेस लावतात. जिथे बुडबुडा फुगतो, तिथे भोक. मी खिशातून साबणाची वडी काढली, लाँच हलली, वडी टुपकन खाडीत. देवी डॉक्टर डोळे मिटून उभे राहिले. हिराजी खाली गेला, आपल्या गाठोड्यातून मूठभर रिठे घेऊन आला, आणि डब्यात घुसळून असा दाट फेस काढून दिला की आमच्या कारखान्यात कधी निघाला नसेल. लेकीला न्हायला म्हणून आणले होते म्हणे. त्या फेसात बुडबुडा फुगला, मी सांधा आवळला, आणि तासाभरात खोलीतल्या थर्मामीटरचा पारा खाली उतरायला लागला. लशीचा डबा आत ठेवून डॉक्टरांनी दार लावलं, तेव्हा आम्ही तिघेही पहिल्यांदा हसलो.

मुंब्र्याच्या डोंगराखाली

कळव्याचा रेल्वेपूल डोक्यावरून गेला, आणि पुढे खाडी एकदम रुंद झाली. गाडीतून मुंब्र्याचा डोंगर शेकडो वेळा बघितला असेल, पण पाण्यातून तो ओळखू येईना. गाडीतून तो बाजूला उभा असतो. इथे तो अंगावर येत होता. दोन्ही काठांना तिवरं, त्यांच्या मुळांतून खेकडे, आणि ओहोटीला उघडा पडलेला काळा, चमकणारा चिखल. मागे मिठाचे ढीग उन्हात इतके पांढरे की बघवत नव्हतं. मला मळमळत होतं. हिराजीने सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी पुढे केली. मी दोन घास खाल्ले आणि तिसरा खाडीला दिला. देवी डॉक्टर आपले दडपे पोहे शांतपणे खात होते.

त्या दिवशी मी हिराजीला मशीन समजावून सांगितली, कारण त्याला ती समजून घ्यायचीच होती. खोलीतली उष्णता गॅस उचलतो आणि खाली आणतो. ती टाकायची कुठे? तर खाडीत. लाँचच्या पोटाला एक भोक, त्यातून लहान इंजिनावर चालणारा पंप पाणी ओढतो, ते पाणी गॅसच्या नळ्यांवरून फिरतं, उष्णता घेतं आणि बाहेर जातं. भोकाच्या आत एक गाळणी. ती तुंबली, की पाणी थांबलं. पाणी थांबलं, की उष्णता कोंडली, दाब वाढला. आणि दाब फार वाढला की एक खटका पडतो आणि सगळंच बंद. नाहीतर मशीन फुटेल.

"म्हंजे खाडीचे पान्याव खोली गार व्हते," हिराजी म्हणाला.

"बरोबर."

"मग खाडी सांभाळली पायजे."

मी रोज सकाळ-संध्याकाळ गाळणी काढून धुवायचो. तिवराची पानं, चिखल, बोटाएवढे मासे. हिराजी शेजारी बसून बघायचा. खाडीबद्दल मला काही सांगायची सोय नव्हती, पण गाळणीबद्दल मी त्याला सांगत होतो आणि तो ऐकत होता, याचं मला फार बरं वाटत होतं.

एका गावी

दुसऱ्या दिवशी पोचलो ते डोंबिवलीच्या खालच्या अंगाला, खाडीकाठचं गाव. नाव देत नाही. तिथली माणसं अजून तिथेच आहेत.

गावापासून बरंच लांब, प्रवाहाच्या मधोमध नांगर टाकावा लागला. ओहोटीला खोल पाणी तेवढंच उरायचं. तिथून लहान होडीने काठाला, आणि पुढे चिखलातून फळ्यांवरून. गावात पाय ठेवताच पहिल्यांदा जाणवली ती शांतता. कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती. दारादारांवर कडुनिंबाच्या डहाळ्या. कुठल्याच घरातून फोडणीचा वास नाही. घरात देवी आलेली असली की तळायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, पाहुण्याने बाहेरून येऊन थेट आत जायचं नाही. हे मला नवीन नव्हतं. माझ्या धाकट्या भावाला देवी आल्या तेव्हा आमची आईही असंच करायची. फरक इतकाच, की आमचे वडील शाळामास्तर. ते पुढच्या दाराला डहाळी बांधू द्यायचे आणि मागच्या दाराने डॉक्टर आणायचे. दोन्ही दारं आईला ठाऊक होती.

इथे घराला दारच एक होतं, आणि त्यात जनाची सासू मथुराबाई बसली होती. हिराजीची विहीण. आखूड नेसलेलं लुगडं, पिकलेले केस, आवाज मात्र ठणठणीत. आत अंधारात केळीच्या पानावर चंदी निजलेली होती. तिच्याकडे मी एकदाच बघितलं. पुन्हा बघायची छाती झाली नाही. जना कोपऱ्यात, मांडीवर दुपटं. त्यातून एक मूठ बाहेर आलेली, आणि ती मूठ एकदम स्वच्छ, गुलाबी.

देवी डॉक्टर उंबऱ्याबाहेरच उकिडवे बसले. "मावशी, थोरलीला मी काही करू शकत नाही. ती आता आईच्या हातात. पण धाकटीला टोचायला पाहिजे, आणि ते आजच. आणखी उशीर केला तर टोचूनही उपयोग नाही."

"आई घरान बसलेली असताना लोखंड लावाचा? तिचे समोर?" मथुराबाई म्हणाली. "माझे सासूनं लावू दिलाता. तिचे दोन गेले."

डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी आपला चेहरा तिच्याकडे केला आणि उन्हात तसाच धरला. "हे बघा. आमच्या घरीही लावू दिलं नव्हतं. आम्ही तिघं भावंडं. मी उरलो."

मथुराबाईने त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मग ती हिराजीकडे वळली. त्या दोघांत काय बोलणं झालं ते मला नीट ऐकू आलं नाही, पण हिराजी हात जोडून बोलत होता. इतका ताठ माणूस हात जोडतोय हे बघून मला कसंतरीच झालं.

अखेर तिने तोडगा काढला. आईला आजच निरोप द्यायचा. चंदीच्या फोडांवर खपल्या धरायला लागल्या होत्या, म्हणजे निरोपाची वेळ तशी जवळच आली होती. ती वेळ एक-दोन दिवस अलीकडे ओढायला मथुराबाई तयार झाली. बांबूच्या नव्या पाटीत तांदूळ, नारळ, हिरवा खण, बांगड्या, झेंडूची फुलं आणि भरपूर कडुनिंब घालायचा, लाल दोऱ्याने बांधायचं, आणि पाटी उतरत्या पाण्यात सोडायची. आई गावाबाहेर गेली, की मग सुई. पण एक अट. आईला निरोप देताना गावात आलेला एकही पाहुणा उपाशी राहता कामा नये, नाहीतर आई त्याच्यासाठी मागे फिरते. तिघांनीही जेवायचं.

"मशीनवर कोणीतरी पाहिजे," मी म्हणालो.

"मिस्तरी," डॉक्टर हळूच म्हणाले, "आत्ता ती 'हो' म्हणालीय. चला, बसा. गाळणी धुतलीत ना?"

सकाळीच धुतली होती. मी बसलो.

त्या दिवशी घरात चूल पेटवत नाहीत. केळीच्या पानावर आदल्या दिवशीचा भात, त्यावर दही, मीठ, काकडीच्या फोडी आणि शिळी भाकरी. इतक्या उन्हात ते जेवण मला अमृतासारखं लागलं, आणि बोटीवर मळमळणारं पोट पहिल्यांदा शांत झालं. जनाने वाढलं. धाकटीला तिने एका हातावर घेतलं होतं. डॉक्टरांनी भात खाता खाता त्या मुठीत आपलं बोट दिलं, आणि मुलीने ते घट्ट धरलं.

जेवण उरकल्यावर पाटी निघाली. पुढे बायका, गाणं नाही, बोलणं नाही. पाटी कोणी सोडायची? सगळ्यांनी हिराजीकडे बघितलं. पाण्यातलं त्याच्याइतकं कोणाला कळतं? काठाशी सोडली असती तर चिखलात अडकून परत गावालाच लागली असती, आणि तसं झालं तर आई गेलीच नाही असा अर्थ. म्हणून हिराजी पाटी घेऊन होडीने थेट मधल्या धारेत गेला. उभं राहून, वाकून, एखादं पोर पाळण्यात ठेवावं तशी त्याने ती पाण्यावर ठेवली. ओहोटीने ती लगेच उचलली. सरळ, न फिरता, धारेतून खाली गेली. काठावर बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मथुराबाई म्हणाली, "गेली."

गेली, आणि धारेत खाली आमची लाँच उभी होती.

गाळणी

लस आणायला आम्ही होडीने निघालो, पण लाँचच्या जवळ पोचेपर्यंत मला काही कळलं नाही. मग लक्षात आलं, की आवाज येत नाहीये. लहान इंजिनाची फटफट, जिच्यामुळे माझं डोकं दिवसभर दुखायचं, ती बंद होती.  पाटी नांगराच्या दोरावर आपटून फुटली होती. तिची एक कामटी अजून दोराला लटकत होती.

मी खाली उडी मारली. खटका पडलेला, नळ्या अजून गरम. गाळणीचा डबा उघडला. आत कडुनिंबाचा पाला गच्च बसला होता, त्यात झेंडूच्या पाकळ्या, भिजून फुगलेले तांदूळ, लाल दोरा. आणि सगळ्यावर, भोकाला बुचासारखी बसलेली, हिरव्या खणाची चिंधी. मी ती ओढून काढली. पाणी पुन्हा यायला लागलं, नळ्या निवल्या, खटका उचलला, मशीन सुरू झाली. बिघाड काहीच नव्हता. साधा गाळ. धुवायला पाच मिनिटं लागली असतील.

पण पाटी सोडल्यावर घर सारवून होईपर्यंत मथुराबाईने आम्हाला गावातून हलू दिलं नव्हतं. त्यात सगळी दुपार गेली होती. बूच ठोकलेली खोली गार राहते, पण उन्हात उभ्या लाँचमध्ये दुपारभर नाही. डॉक्टरांनी दार उघडलं आणि पारा बघितला.  त्यांनी एक नळी काढून उजेडात धरली, जणू बघून कळणार होतं. मग ती परत ठेवली.

हिराजी दारात उभा होता. माझ्या हातातली हिरवी चिंधी त्याने बघितली. त्याला मी मशीन समजावली होती. त्याला काही सांगावं लागलं नाही.

"सायेब," तो म्हणाला, "मेली का लस?"

"बहुतेक. सगळी नसेल. सांगता येत नाही." डॉक्टर दमल्यासारखे खाली बसले. "ताजी लस कल्याणला मागवतो, पण ती यायला दिवस लागतील. ती आल्यावर टोचू."

"उद्या विहीन सुई लावू देणार नाय. तिनंच सांगितलाय. आईला वाट लावली, आता आजच्या आज काय ती सुई. उद्या लावली तर आई बोलंल, वाट लावून परत बोलवतंय मना."

"मग आज याच नळीतली टोचतो. लागली तर लागली. पण तुम्हाला खरं सांगतो तांडेल, मला आशा नाही. आणि आज टोचली की पुन्हा टोचायला ती बाई देणार नाही, हेही तुम्हीच सांगताय."

मी त्या दोघांकडे बघत होतो. आजची मेलेली लस, की उद्याची न मिळणारी संमती. असला हिशेब कोणावर येऊ नये. हिराजीने चिंधी माझ्या हातातून घेतली, पिळली आणि कमरेला खोचली.

"मारा सायेब. आन जनाला सांगू नका."

संध्याकाळी डॉक्टरांनी त्या गुलाबी दंडावर चार ठिकाणी लस टोचली. पोर रडली, मग जनाच्या खांद्यावर हुंदके देत झोपली. जना डॉक्टरांच्या पाया पडली. डॉक्टरांनी पाय मागे घेतले आणि "असू दे, असू दे" म्हणत घाईने बाहेर आले.

कल्याण

कल्याणच्या बंदरात, दुर्गाडीच्या किल्ल्याखाली, आम्ही ताज्या लशीची वाट बघत पडून राहिलो. डॉक्टर रोज स्टेशनवर जायचे आणि हात हलवत परत यायचे. लाँचभोवती पोरं जमायची, "गार खोली दाखवा" म्हणायची. मी कोणाला दाखवली नाही. गाळणी मी आता तासातासाला काढत होतो, इतक्यांदा की डबा घासून चकचकीत झाला. खोलीत काही नव्हतं, तरी पारा वर जाऊ दिला नाही.

बंदराबाहेर एका सिंधी निर्वासिताने चहाचं दुकान टाकलं होतं. मी लढाईत सांभाळलेल्या कोठारातच त्याचं बिऱ्हाड होतं. "वहाँ गर्मी बहुत है भाई," तो म्हणाला, आणि मी म्हटलं, एके काळी तिथे आत जाताना कांबळं पांघरावं लागायचं. त्याला ते खरं वाटेना. चहात तो वेलची घालायचा. आमच्या घरी आलं घालतात. त्या दिवसांत मला त्याचाच चहा बरा वाटायचा, कारण तो देताना काही विचारायचा नाही.

हिराजी दिवसभर सुकाणूपाशी बसलेला असायचा. एकदा मी त्याच्याजवळ जाऊन म्हणालो, "तांडेल, नांगर मधल्या धारेत टाकला नसता तर लाँच चिखलात रुतली असती. आणि पाटी मधल्या धारेत सोडली नसती तर ती गावाला लागली असती."

"हो," तो म्हणाला.

मी उठून गाळणी धुवायला गेलो.

परत त्याच काठाला

ताजी लस आली तेव्हा मध्ये आठवड्याहून जास्त काळ गेला होता. या वेळी डबा उघडला तर आत बर्फ खणखणीत होता. तो आम्ही गार खोलीत ठेवला आणि निघालो.

आम्ही पोचलो, तर अंगणात चंदी बसलेली. चेहऱ्यावर खपल्या, पण चिंचोके खेळत होती. माझा जीव एकदम हलका झाला. मग मथुराबाई बाहेर आली. दारावर डहाळी पुन्हा हिरवीगार, त्याच सकाळी बांधलेली.

डॉक्टर आत गेले. मी उंबऱ्याशी थांबलो. त्यांनी दुपटं बाजूला करून दंड बघितला. लस धरली तर तिथे फोड येतो, खपली धरते, जन्मभराचा वण राहतो. धाकटीच्या सगळ्या अंगावर पुरळ उठलं होतं, पण सुईच्या जागी वेगळं असं काहीच नव्हतं. डॉक्टरांनी तिथे बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"सुई तर लावलीती," जना म्हणाली. "मी सोता बघितली. तुमी लावली ना सुई?"

"लावली होती," डॉक्टर म्हणाले.

हिराजी बाहेर अंगणात चंदीसमोर बसला होता. तिने त्याच्या हातात चिंचोके दिले. तो ते धरून बसला.

आम्ही गावात राहून बाकीच्यांना टोचलं. या घरातून धाकटी गेली की राहिली, याची वाट न बघता लोक आपली पोरं घेऊन येत होते. डॉक्टरांचा चेहरा बघून येत होते, असं मला वाटतं. पुढे कळलं, त्या सगळ्यांना लस धरली. धाकटी तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना गेली.

देवीने नेलेलं मूल तिथे जाळत नाहीत. खाडीला देतात. आमच्याकडे पुरतात. हिरव्या खणात गुंडाळलेलं ते गाठोडं इतकं लहान होतं की मथुराबाईने ते एका हातावर आणलं. काठावर सगळं गाव होतं. जनाला दोघींनी धरलं होतं. होडी वल्हवायला पुन्हा हिराजीच. नावाशिवाय गेलेलं पोर आजोबानेच न्यावं, असं कोणी तरी म्हणालं.

गाठोडं पाण्यात सोडण्याआधी त्याने होडी आमच्या लाँचला लावली. डॉक्टर आणि मी आधीच तिच्यावर येऊन उभे होतो. त्याने माझ्याकडे बघितलं.

"मिस्तरी, पंप बंद करा. मी येस्तोवर."

मी डॉक्टरांकडे बघितलं. गार खोलीत पुढच्या गावांची लस होती. ताजी, चांगली, महामुश्किलीने आलेली. मशीन एक मिनिटही थांबवायची नाही, हे त्यांनीच मला बजावलं होतं.

"बंद करा," डॉक्टर म्हणाले.

मी इंजीन बंद केलं. मग खाली जाऊन लाँचच्या पोटातल्या भोकाची चावीही फिरवली, शेवटपर्यंत, हात दुखेपर्यंत. वर आलो, तर सगळीकडे शांत. वल्ह्याचा आवाज तेवढा येत होता. हिराजी मधल्या धारेत, लाँचच्या वरच्या अंगाला गेला. तो वाकला तेव्हा मी मान खाली घातली.

काठावरून बायकांनी फुलं टाकली, कडुनिंबाचा पाला टाकला. ओहोटीने तो आणला. लाँचच्या दोन्ही अंगांनी तो हळूहळू खाली गेला, मुंब्र्याच्या दिशेने. एकही पान आत आलं नाही.

हिराजी परत आला. होडी बांधली, वर चढला, ओले हात धोतराला पुसले. सुकाणूपाशी जाऊन बसला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,

"आता चालू करा. लस गरम व्हईल."